‘सेव्हियर्स’ : ग्रीन डेला हरवलेला सूर गवसला आहे का?

तंतकार

ग्रीन डे या कॅलिफोर्नियातल्या पॉप-पंक (सोप्या चालींचे वेगवान रॉक संगीत) त्रिकुटाचा ‘सेव्हियर्स’ हा चौदावा अल्बम १९ जानेवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. तेव्हापासून तो मी सतत ऐकत आलो आहे आणि माझे मत दर वेळी अधिक पक्के होत गेले आहे : ‘अमेरिकन इडियट’नंतरचे, म्हणजे २००४ नंतरचे, हे त्यांचे सर्वांत सच्चे काम आहे. हे मत अनेकांना पटत नाही, याची मला कल्पना आहे. म्हणूनच ते सविस्तर मांडतो.

मधल्या काळात या बँडचे काय झाले होते, ते आधी पाहावे लागेल. २०१२ मध्ये त्यांनी काही महिन्यांच्या अंतराने एकापाठोपाठ तीन अल्बम काढले. त्यांतली बरीच गाणी सरावाच्या खोलीतून थेट उचलून आणल्यासारखी वाटत होती. त्याच वर्षी बँडचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दाखल झाला आणि बँडचे कार्यक्रम थांबले. २०१६ चा ‘रिव्होल्यूशन रेडिओ’ मला बरा वाटला होता. २०२० मध्ये आलेला जेमतेम सव्वीस मिनिटांचा अल्बम मात्र टाळ्यांचे ठेके आणि वर चढवलेला कृत्रिम आवाज यांच्या आड लपलेला होता. ज्या माणसाचा आवाज दोन शब्दांत ओळखू यावा, तो आपलाच आवाज झाकून गात होता. एक चाहता म्हणून मला त्याचे फार वाईट वाटले होते.

‘सेव्हियर्स’साठी निर्माता म्हणून रॉब कव्हालो परत आला. १९९४ चा ‘डूकी’ आणि २००४ चा ‘अमेरिकन इडियट’ हे दोन्ही याच माणसाच्या हाताखाली घडले होते. ‘बँड मूळ पदावर आला’ असे म्हणणारे बहुतेक जण याकडेच बोट दाखवतात : गिटारचा तो भरदार, करकरीत आवाज परत आला, माइक डर्न्टचा बेस पुन्हा स्वतंत्रपणे ऐकू येऊ लागला, ट्रे कूलचे ड्रम्स मोकळे झाले. हे सारे खरे आहे. पण माझ्या मते ते दुय्यम आहे.

मुख्य गोष्ट ‘फादर टू अ सन’ या गाण्यात आहे. बिली जो दहा वर्षांचा असताना त्याचे वडील कर्करोगाने गेले. त्या दुःखावर त्याने बावीस वर्षांनी ‘वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स’ हे गाणे केले. ते मुलाने वडिलांसाठी गायलेले गाणे होते. ‘फादर टू अ सन’मध्ये तोच माणूस आता बाप म्हणून आपल्या मुलांशी बोलतो आणि आपल्या हातून झालेल्या चुका कबूल करतो. ज्याचा स्वतःचा बाप इतक्या लवकर गेला, त्याने बाप कसे व्हायचे हे कोणाकडे पाहून शिकावे, हा प्रश्न त्या गाण्याच्या तळाशी आहे. हे गाणे त्याला बाविसाव्या वर्षी लिहिता आले नसते आणि बत्तिसाव्या वर्षीही आले नसते. सूर गवसणे म्हणजे मी हे समजतो.

मंद्रसप्तक

तंतकार यांच्या लेखनाचा आदर राखून मी या मताला पूर्ण विरोध नोंदवतो. त्यांनी पंधरा गाण्यांपैकी एक गाणे निवडले आणि त्यावर संपूर्ण अल्बमचा निवाडा दिला. उरलेल्या चौदा गाण्यांचे काय?

‘स्ट्रेंज डेज आर हिअर टू स्टे’ सुरू होते तेव्हा ‘डूकी’मधले ‘बास्केट केस’च सुरू झाले आहे असे वाटते. कॉर्डचा क्रम तोच, गिटारवर तळहात दाबून काढलेला तो दबका ठेकाही तोच, आणि ड्रम्स कुठे येऊन मिळणार हेही आधीच कळते. ‘वन आयड बास्टर्ड’ची रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) ऐकताना २००८ मधले पिंक या गायिकेचे ‘सो व्हॉट’ आठवल्याशिवाय राहत नाही, असे अनेक श्रोत्यांनी म्हटले आहे आणि मला ते योग्य वाटते. ‘द अमेरिकन ड्रीम इज किलिंग मी’ हे तर वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच यशाकडे पाहत रचलेले गाणे आहे; शीर्षकापासून मधल्या वाद्यवृंदाच्या तुकड्यापर्यंत सगळीकडे ते जाणवते.

सूर गवसणे आणि साचा सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रीन डेकडे हा साचा तीस वर्षांपासून होता. २०२० मध्ये त्यांनी तो बाजूला ठेवून पाहिला, तो प्रयत्न फसला, म्हणून त्यांनी तो पुन्हा काढला. फसलेल्या प्रयोगाला निदान धाडस लागले होते. श्रोत्यांना जुने ते ओळखीचे वाटून आनंद होतो, हे स्वाभाविक आहे. पण त्या आनंदाचे श्रेय नव्या गाण्याला देता येत नाही.

तंतकार

मंद्रसप्तक, ‘स्ट्रेंज डेज’मधले साम्य मी नाकारत नाही. परंतु आपल्याकडे एखादा गायक आयुष्यभर यमन गातो आणि ‘पुन्हा तेच’ अशी तक्रार कोणी करत नाही. पंचविसाव्या वर्षीचा यमन आणि साठाव्या वर्षीचा यमन यांत स्वर तेच असतात, तरीही आपण दोन्ही ऐकतो, कारण गाणारा माणूस बदललेला असतो. ‘बास्केट केस’ हे घाबरण्याच्या झटक्यांवरचे गाणे होते. आपल्याला नेमके काय होते आहे हे न कळणारा एक तरुण त्यात स्वतःच्या डोक्यात अडकला होता. ‘स्ट्रेंज डेज’मध्ये त्याच कॉर्डवर उभा असलेला माणूस बाहेर पाहतो आहे. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी गेल्यापासून, म्हणजे २०१६ पासून, जगाचे काहीतरी बिनसले आहे असे त्याला वाटते, आणि ही भीती आता त्याच्या एकट्याची राहिलेली नाही. ते साम्य मला हेतुपूर्वक केलेले वाटते.

मंद्रसप्तक

यमनचा दाखला येथे लागू होत नाही. राग ही एक मोकळी जागा आहे. गायक त्यात दर वेळी नव्याने उपज करतो, आणि काल घेतलेली तान आज तशीच घेतली तर जाणकार श्रोता ते लगेच ओळखतो आणि मान हलवत नाही. पॉप-पंकचे तीन मिनिटांचे गाणे हे बांधलेले असते. त्यात चाल, ठेका आणि ध्रुवपद एकदा ठरले की ठरले. त्यामुळे तुलना करायचीच असेल तर ती रागाशी न करता बंदिशीशी करावी लागेल, आणि जुनीच बंदिश शब्द बदलून नवी म्हणून मांडली तर तिला आपण नवी रचना म्हणत नाही.

साम्य हेतुपूर्वक आहे असे आपण म्हणता. तसे असेलही. पण हेतू श्रोत्याला गाण्यातून कळायला हवा. तो समजावून सांगण्यासाठी चाहत्याला पुढे यावे लागत असेल, तर ते गाणे कुठेतरी कमी पडले आहे.

फ्रीमाँटवासी

मी गेली बरीच वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या या बाजूला राहतो. बर्कलीतल्या गिलमन स्ट्रीटवरचा तो क्लब, जिथे ही मुले घडली, मी पाहिलेला आहे : स्वयंसेवकांनी चालवलेली, दारू न विकणारी, लहान मुलांनाही प्रवेश असलेली एक साधी जागा. मोठ्या कंपनीशी करार करणाऱ्या बँडला तिथे वाजवता येणार नाही, असा तिथला नियम होता. ‘डूकी’च्या करारानंतर ग्रीन डेला तो दरवाजा बंद झाला आणि तिथल्या मंचावर ते पुन्हा उभे राहिले ते २०१५ मध्ये, एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी. त्यामुळे ‘हे लोक मूळ पदावर आले का’ हा प्रश्न या भागात तीस वर्षे विचारला जातो आहे आणि त्यामागे नेहमी दुसरा प्रश्न असतो : हे अजून कोणासाठी गातात?

माझा आक्षेप मंद्रसप्तक यांच्याहून वेगळा आहे. मला चालींच्या पुनरावृत्तीचा त्रास होत नाही. राजकीय आशयाच्या पातळपणाचा होतो. ‘अमेरिकन इडियट’ सप्टेंबर २००४ मध्ये आला तेव्हा इराकमध्ये युद्ध चालू होते आणि निवडणूक काही आठवड्यांवर होती. त्या अल्बमला एक नायक होता, त्याचे उपनगर होते, घर सोडणे आणि परत येणे होते. नऊ-नऊ मिनिटांच्या, पाच भागांत बांधलेल्या दोन रचना होत्या. संताप एका माणसाच्या गोष्टीत मुरवलेला होता. ‘सेव्हियर्स’मध्ये बेघर माणसे आहेत, कटाच्या अफवा आहेत, टिकटॉक आहे, ‘लिव्हिंग इन द ट्वेंटीज’मध्ये सुपरमार्केटमधला गोळीबार आहे. पण हे सगळे बातम्यांच्या मथळ्यांसारखे एकामागून एक येते आणि निघून जाते. एकाही बेघर माणसाचा चेहरा त्या गाण्यांतून मला दिसला नाही. इथल्या, कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये महामार्गाच्या पुलाखाली तंबूंच्या रांगा मी रोज पाहतो. त्या तंबूंपासून काही मैलांवर वाढलेल्या माणसाकडून मी अधिकाची अपेक्षा करतो.

माटुंग्याची मी

मी सहसा वाचनमात्र असते, पण या चर्चेत एका गाण्याचा उल्लेखच झालेला नाही, म्हणून लिहिते. ते गाणे म्हणजे ‘डिलेमा’.

आमच्या घरी ‘डूकी’ची कॅसेट माझ्या मोठ्या भावाने आणली होती. दादा तेव्हा अकरावीत होता आणि माटुंग्याच्या दोन खोल्यांच्या घरात ती कॅसेट इतकी वाजली की मलाही प्रत्येक गाणे, शब्द न कळता, तोंडपाठ झाले. पुढे दादाला दारूचे व्यसन लागले. ती वर्षे कशी गेली, ते इथे लिहिणार नाही. आज त्याला दारू सोडून नऊ वर्षे झाली आहेत.

‘डिलेमा’ हळू आवाजात सुरू होते, जवळजवळ जुन्या काळच्या प्रेमगीतासारखे, आणि मग गिटार अंगावर येते. गाण्यातला माणूस व्यसनातून बाहेर आला आहे, पुन्हा त्यात पडला आहे, आणि मेलेला माणूस होऊन चालायचे नाही एवढेच त्याला कळते. त्यात विजयाची भाषा कुठेही नाही. व्यसनमुक्तीवरची बहुतेक गाणी शेवटी सूर्योदय दाखवतात. हे दाखवत नाही. दादाने ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा तो काही बोलला नाही, त्याने ते पुन्हा लावले.

मार्च २०२५ मध्ये ग्रीन डे पहिल्यांदाच भारतात आले, तेव्हा आम्ही दोघे महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलो होतो. आमच्या आजूबाजूला विशीतली मुले होती आणि त्यांना जुनी गाणी आमच्याइतकीच पाठ होती. मंद्रसप्तक म्हणतात तो ओळखीचा आनंद तिथे भरपूर होता, हे मी मान्य करते. पण घरी आल्यावर दादा जे गाणे लावतो ते नवे आहे.

मंद्रसप्तक

माटुंग्याची मी, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. ‘डिलेमा’बद्दल मी आपल्याशी सहमत आहे, आणि तो उल्लेख माझ्या पहिल्या प्रतिसादात यायला हवा होता. ते गाणे कोणत्याही जुन्या गाण्याची सावली नाही. ‘फादर टू अ सन’बाबतही तंतकार यांचा मुद्दा मी स्वीकारतो, जरी त्यातली तंतुवाद्ये मला थोडी अधिक वाटतात.

तरीही माझे मूळ म्हणणे कायम आहे. शेहेचाळीस मिनिटांच्या अल्बममध्ये अशी दोन, फार तर चार गाणी आहेत. बाकीच्या भागात बँड आपल्याला काय चांगले जमते याची उजळणी करतो. ‘लुक मा, नो ब्रेन्स!’ आणि ‘१९८१’ ही दोन-दोन मिनिटांची वेगवान गाणी ऐकायला चांगली आहेत, पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने आपण अजून वेगात वाजवू शकतो हे सिद्ध करण्यासाठी ती केली आहेत, असे मला सारखे वाटत राहते. ‘कॉर्व्हेट समर’ वगळले असते तर कोणाला उणीव भासली नसती. दहा गाणी ठेवून पाच काढली असती, तर मी कदाचित तंतकार यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

तंतकार

‘कॉर्व्हेट समर’बद्दल मी वाद घालणार नाही. ते काढा. पण त्या यादीत ‘बॉबी सॉक्स’ असेल तर माझा ठाम विरोध आहे. बिली जो १९९५ पासून आपण उभयलैंगिक असल्याचे उघडपणे बोलत आला आहे. या गाण्यात तो आधी ‘माझी मैत्रीण होशील का’ असे विचारतो आणि पुढच्या ध्रुवपदात तितक्याच सहजपणे ‘माझा मित्र होशील का’ असे विचारतो. कुठेही घोषणा नाही, जाहीरनामा नाही. गाणे शेवटपर्यंत हलकेफुलके प्रेमगीतच राहते. आपण ज्याला उजळणी म्हणता त्या साच्यातच ही गोष्ट बसवलेली आहे, म्हणून ती इतकी सहज वाटते. साचा नवा असता तर लक्ष साच्याकडे गेले असते.

फ्रीमाँटवासी, आपल्या आक्षेपाला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. राजकीय गाण्यांत माणसाचा चेहरा नाही, हे आपले म्हणणे मी पुन्हा ऐकून तपासले आणि ते बरोबर आहे. मला वाटते की या वेळी त्याने चेहरे घरातल्या गाण्यांसाठी राखून ठेवले : मुलगे आणि व्यसनाशी झगडणारा तो स्वतः.

फ्रीमाँटवासी

ते मान्य. मग एक विनंती : या अल्बमची शेवटची तीन गाणी, ‘फादर टू अ सन’, ‘सेव्हियर्स’ आणि ‘फॅन्सी सॉस’, क्रम न बदलता सलग ऐका. बाप मुलांशी बोलतो, मग साऱ्या पिढीसाठी कोणीतरी तारणहार यावा म्हणून हाक मारतो, आणि शेवटच्या गाण्यात ‘आपण सगळे एक दिवस तरुणपणीच मरणार’ अशा अर्थाची ओळ गातो. पन्नाशी पार केलेल्या माणसाच्या तोंडी ती ओळ मला पहिल्यांदा खोटी वाटली होती. काल रात्री कामावरून परतताना, ऑकलंडच्या त्याच पुलाखालून जात असताना ती पुन्हा लागली, आणि या वेळी मी गाडी बाजूला घेऊन गाणे संपेपर्यंत थांबलो. मंद्रसप्तक, आपल्या दहा गाण्यांत ‘फॅन्सी सॉस’ आहे की नाही, हे कृपया सांगा.

मंद्रसप्तक

आहे. दहावे.