खान्देशात स्पोर्ट टायर म्हणजे पैशाची माती? मला अजिबात पटत नाही

गिरणाकाठ
काल इथं एका भाऊंनी लिहिलं: "खान्देशातले रस्ते आणि ४५ डिग्रीचं ऊन, इथं स्पोर्ट टायर म्हणजे पैशाची माती. साधे टूरिंग टाका आणि ६० हजार किमी विसरून जा." सगळ्यांनी माना डोलावल्या. (नवख्यांसाठी: स्पोर्ट म्हणजे मऊ रबराचे, जास्त पकडणारे पण लवकर झिजणारे; टूरिंग म्हणजे कडक रबराचे, जास्त टिकणारे.) मला रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ लिटर, १५० पीएस, टायर २०५/५५ आर१६ (रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची). गाडीसोबत आलेले टायर ४१ हजार चाललेत. नक्षी अडीच मिलिमीटर उरलीय. कायदा १.६ म्हणतो, म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक. गेल्या जूनमध्ये कन्नड घाट उतरत होतो. पहिलाच पाऊस, उन्हाळाभर सांडलेलं डिझेल-ऑइल डांबरावर तरंगत होतं. वळण संपलं आणि समोर बंद पडलेली पिकअप. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखड सुरू झाली, आणि गाडी सरकतच राहिली. थांबली तेव्हा पिकअपच्या फळीला टांगलेल्या लिंबाखालच्या मिरच्या मोजता येत होत्या. सात होत्या. मागच्या सीटवर आई होती.

रस्त्याला धरून असतं ते चार तळहातांएवढं रबर. मला त्याच साइजमध्ये ओल्या रस्त्यावर पकडणारं रबर हवंय, मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ सारखं. ३० हजार किमीत संपलं तरी चालेल.

भुसावळचं_ऊन
तो भाऊ मीच. घाटातलं वाचून वाईट वाटलं, पण टायरची बाजू बदलत नाही. मी हे सगळं भोगलंय. ऑक्टाव्हियाला हौसेनं १६ चे काढून २२५/४५ आर१७ स्पोर्ट टायर टाकले. चौथ्या महिन्यात एरंडोलच्या अलीकडे रात्री खड्डा लागला. एका टायरच्या साइडवॉलला (बाजूच्या भिंतीला) लिंबाएवढा फुगा, दुसरा जागेवर बसला, अलॉय वाकली. त्या साइजचा टायर जळगावात मिळाला नाही, चार दिवस गाडी दारात उभी. मऊ रबर आपल्या मे महिन्यात पेन्सिलच्या खोडरबरासारखं झिजतं. आणि पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातली काळी माती रस्त्यावर आणतात, तिच्यावर तुमचा पायलट काय करणार?

गिरणाकाठ
काळ्या मातीवर काहीच टिकत नाही, मान्य. पण तुमचं नुकसान रबरानं नाही, ४५ च्या प्रोफाइलनं केलं. २०५/५५ ची साइडवॉल ११३ मिलिमीटर, २२५/४५ ची १०१. बारा मिलिमीटरची उशी तुम्ही स्वतः काढून फेकली आणि दोष कंपाउंडला, म्हणजे रबराच्या मिश्रणाला देताय. मी साइज बदलतच नाहीये.

रावेरी_केळी
कोणताही टाका, पण नायट्रोजन भरा. मी रावेर-बुऱ्हाणपूर रोज करतो. उन्हात साधी हवा फुगते आणि टायर फुटतो. नायट्रोजन थंड राहतो.

शिरपूरकर
हे वाचून गप्प बसवत नाही. मी पंधरा वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतोय. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. २७ डिग्रीला ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरा, टायर ५७ डिग्रीला पोचला की जवळपास ३८ होणार. साध्या हवेत ३८, नायट्रोजनमध्येही ३८. वायू आपल्या गावचा आहे की बाहेरचा, हे दाब विचारत नाही.

रावेरी_केळी
सर, वर्गात फळ्यावर ठीक आहे. विमानात नायट्रोजनच का भरतात मग? ते लोक वेडे आहेत का?

शिरपूरकर
विमान उतरताना ब्रेक प्रचंड तापतात, तिथं आगीला ऑक्सिजन नको. वर थंडीत ओलावा गोठतो, तोही नको. तुमच्या गाडीला यातलं काय लागू आहे? टायर फुटतात ते हवा कमी असल्यानं. साइडवॉल सतत वाकते, आतून तापते आणि सुटते. लोक मे महिन्यात घाबरून २८ भरतात आणि हायवेला १२० नं जातात. गरम टायरमधली हवा सोडतात ते तर आणखी धोक्याचं. सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढीच भरा.

रावेरी_केळी
तुम्ही म्हणाल तसं. माझा एकही टायर तीन वर्षांत फुटला नाही, मला तेवढं पुरे.

शिरपूरकर
कारण नायट्रोजन भरायच्या निमित्तानं तुम्ही दर महिन्याला हवा तपासता. शंभरातले नव्वद लोक तपासतच नाहीत. बरं, कॉम्प्रेसरमधून पाणी आत जातं आणि नायट्रोजन कोरडा असतो, एवढं देतो तुम्हाला. याच्या पुढं एक इंच नाही.

तोरणमाळ_वळण
हवेवरून भांडून झालं असेल तर टायरवर या. भो, तुनं म्हननं खरं शे, घाटात स्वस्त रबर नको. पण बजेटपायी दोनच नवे घेणार असशील तर ते मागे टाक. पुढची चाकं गाडी ओढतात म्हणून सगळे पुढे टाकायला सांगतात. ओल्या वळणावर पुढून घसरली तर स्टिअरिंगमध्ये कळतं, पाय काढून सावरता येतं. मागून सुटली तर कळेपर्यंत गाडी आडवी होते. चांदसैली घाटात माझी झालीय. दरीच्या बाजूला कठडा होता म्हणून आज लिहितोय.

भुसावळचं_ऊन
हे मी मानतो. त्याच साइजमध्ये राहणार असशील तर खड्ड्याचा माझा मुद्दा निम्मा गळतो, तेही मानतो. झिजण्याचा मुद्दा सोडत नाही. वर्षाला २० हजार चालवणाऱ्यानं दीड वर्षाला चार टायरचे पैसे मोजायचे, हे नोकरदार घराला परवडत नाही. टूरिंगमध्येही ओल्यात चांगले आहेत, मी मिशेलिनचे प्रायमसी ४ एसटी चालवतोय आणि पावसात गाडी नीट थांबते.

आणि कोणताही घे, पैसे द्यायच्या आधी साइडवॉलवरचे शेवटचे चार अंक स्वतः वाच. ०८२१ म्हणजे २०२१ चा आठवा आठवडा. मला चकाचक काचेच्या दुकानात दोन वर्षं जुना माल नवा म्हणून बसवून दिला. बिल झाल्यावर दिसलं. परत न्यायला गेलो तर "भाऊ, चाकावर चढला की आमचा नाही."

गिरणाकाठ
वर्षाला माझे ११ हजारच होतात, म्हणून मला स्पोर्ट परवडतात. तुम्ही २० हजार चालवत असाल तर तुमच्या गाडीला प्रायमसी बरोबर, तिथं मी वाद घालत नाही. "पैशाची माती" हा शब्द मात्र मागे घ्या.

भुसावळचं_ऊन
तुझ्या गाडीपुरता घेतला. जळगाव-भुसावळ रोज करणाऱ्याला मी अजूनही तेच सांगेन.

गिरणाकाठ
शनिवारी धुळ्याला जातोय. अंक वाचूनच बसवणार, चारही.