कोलोरॅडो नदीतलं मीठ: कुणी समजावून सांगेल का?

नमस्कार मंडळी. आमची गोव्यात पेडण्याला खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली. भरतीला मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं आपोआप मिटतात म्हणून कोरगुट, हे खारेपणा सोसणारं भात, टिकतं. दार कुजलं की शेत गेलंच. आपल्याकडे मीठ समुद्राचं, पण अमेरिकेतून मेक्सिकोत जाणाऱ्या कोलोरॅडो नदीत ते वरच्या शेतांतूनही येतं! 1961 पासून ॲरिझोनातल्या शेतांचा खारा निचरा मेक्सिकोतल्या मेक्सिकाली खोऱ्यात पोचला, पिकांचं नुकसान झालं. 1973 च्या अमेरिका-मेक्सिको करारानंतर तो वेगळ्या कालव्याने सिएनेगा दे सांता क्लारा या पाणथळीकडे वळवला.

माझं अडतंय ते इथे: वर ठिबक आणलं, पाणी कमी मुरलं, तर नदीत मीठ खरंच कमी उतरतं, की मातीतच साठून राहतं? पाटबंधारे, मृदाशास्त्रातल्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. शाळेतल्या मुलांना हे शिकवायचंय, चुकीचं सांगायचं नाही.