ग्रामसभेचा ठराव सभेतच लिहिला जावा, यासाठी काय करावे?

प्रश्न – शेतकरी, यवतमाळ जिल्हा
आमच्या गावात 15 ऑगस्टचे झेंडावंदन आटोपले की तिथेच हजेरीच्या नोंदवहीवर सह्या घेतल्या जातात आणि निंदणाची घाई असल्यामुळे लोक लगेच वावराकडे निघतात. घरकुलांच्या यादीचा ठराव त्या दिवशी ‘सर्वानुमते’ मंजूर झाला, हे आम्हांला पंधरा दिवसांनी कळले. गावात भांडण नको आहे. पण सभा उघडपणे आणि शिस्तीने चालावी, यासाठी सुरुवात कुठून करावी?

उत्तर – निवृत्त ग्रामसेवक, अमरावती जिल्हा
सुरुवात नोंदवहीपासूनच करावी. माझ्या नोकरीत मी जे वाद पाहिले, त्यांतले बहुतेक ठरावापेक्षा ठरावाखाली सोडलेल्या कोऱ्या जागेतून उपजलेले होते. विषय संपताच ठराव, सूचक-अनुमोदकांची नावे आणि कोणाचा विरोध असल्यास तोही लिहून मोठ्याने वाचावा, आणि शेवटच्या ओळीखाली रेघ मारून अध्यक्षांनी तिथेच सही करावी. हजेरीची सही म्हणजे ठरावाला संमती नव्हे, हे सभेच्या आरंभीच सांगितले जावे असा आग्रह धरा. गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती मोजूनच कामकाज सुरू व्हावे. ‘ऐनवेळी येणारे विषय’ या शीर्षकाखाली खर्चाचा किंवा लाभार्थी निवडीचा विषय घेऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. इतिवृत्ताची प्रत माहितीच्या अधिकारातही मागता येते.

उत्तर – ग्रामपंचायत सदस्या, वर्धा जिल्हा
ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. मात्र ती बहुधा कागदावर उरकली जाते. आमच्याकडे ती रात्री जेवणे झाल्यावर घेऊ लागल्यापासून मजुरीला जाणाऱ्या बाया येतात, आणि त्यांचे ठराव ग्रामसभेत सर्वांत आधी वाचले जातात.

उत्तर – गडचिरोली जिल्हा
धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात, आणि अवघड विषय आधी अभ्यासगटात समजून घेतला जातो. यादी सभेपूर्वी चावडीवर लावली आणि लोकांना ती वाचायला चार दिवस मिळाले, तरच ‘सर्वानुमते’ या शब्दाला अर्थ राहील.

प्रश्नकर्ता
2 ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी सुरू असते, म्हणून सभा सायंकाळी ठेवावी आणि यादी आधी लावावी, असा लेखी अर्ज वीस जणांच्या सह्यांनी उद्याच देतो.