मागचं गेट बंद करायचं का? रविवारी सभा आहे, अनुभव असेल तर सांगा

नवी_सेक्रेटरी:
मागच्या सभेत "सेक्रेटरी कोण होणार?" असं विचारल्यावर सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले आणि मी नेमकी मान वर केली. तेव्हापासून ८४ घरांच्या वसाहतीची सेक्रेटरी आहे.

गेल्या महिन्यात दोन सायकली आणि एका स्कूटरची बॅटरी चोरीला गेली. ग्रुपवर जो धुरळा उडाला तो अजून बसलेला नाही. रविवारच्या सभेत तीन ठराव येणार आहेत: आणखी १२ कॅमेरे, कुंपणाची भिंत उंच करणं आणि मागचं छोटं गेट कायमचं बंद. चौथा ठराव तोंडी फिरतोय, "अनोळखी माणूस दिसला की फोटो काढून ग्रुपवर टाका." असा एक फोटो आलाही. तो माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा भाचा निघाला. काकू आता माझ्याशी बोलत नाहीत, जणू फोटो मीच काढला होता.

पैसे एकाच कामापुरते आहेत. आधी काय करावं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. "लोकांमध्ये जागृती करा" हे उत्तर कृपया नको.

नाइलाजाने_खजिनदार:
आमच्याकडे १६ कॅमेरे आहेत, त्यामुळे अधिकाराने बोलतो. सायकल गेली तेव्हा उत्साहाने रेकॉर्डिंग लावलं. गाडीचा दिवा सरळ कॅमेऱ्यात, चोराच्या जागी पांढरा ढग. दुसऱ्या वेळी मालक दहा दिवसांनी गावाहून परतले आणि आमचं रेकॉर्डिंग सात दिवसांनी पुसलं जातं. त्यातले तीन कॅमेरे कधीपासून बंद होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

कॅमेरे निरुपयोगी आहेत असं नाही. गेल्या ४० वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये निघाला, त्यात कॅमेरे असलेल्या भागात गुन्हे साधारण १३ टक्क्यांनी कमी आढळले आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो वाहनतळांवर. म्हणून बारा नकोत. पार्किंगच्या तोंडाशी दोन बसवा, चेहऱ्याच्या उंचीच्या जवळ, प्रकाश पाठीमागून येणार नाही असे. आणि दर सोमवारी ते चालू आहेत का हे बघायला एक माणूस नेमा. रेकॉर्डिंग कोण बघू शकतो तेही लिहून ठेवा, नाहीतर कोण कोणाकडे किती वाजता गेलं याचीच चर्चा सुरू होते. आमच्याकडे झाली.

रात्रपाळी:
मी रात्री साडेअकराला घरी येते, तेही मागच्या गेटनेच. ते बंद केलंत तर माझ्यासारखीला भिंतीच्या कडेने पाच मिनिटं जास्त चालावं लागेल, एकटीने. आणि चार माणसं येत-जात होती म्हणून जो रस्ता जिवंत होता, तो ओस पडेल. चोराला तेच हवं असतं. उंच भिंतीचंही तसंच: आत उडी मारलेला माणूस बाहेरून कोणाला दिसत नाही.

गेट ठेवा, तिथे दिवा लावा. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींपैकी काही सोडत पद्धतीने निवडून तिथे जादा दिवे लावले होते. तिथले रात्रीचे, घराबाहेरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. पण एकच भगभगीत दिवा लावू नका, त्याच्या पलीकडचा अंधार आणखी गडद होतो. कमी उजेडाचे तीन-चार लावा. झुडपं कमरेखाली छाटा, झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर. मला पुढे कोण उभं आहे ते दिसलं पाहिजे, बस्स. फोटोवाल्या ठरावाला माझा सरळ विरोध आहे. आमच्याकडे त्याच कारणाने घरी पोचवणारी मुलं आत यायलाच घाबरतात.

माजी_अध्यक्ष:
ताई, सायकल चोरीला जाणं हा तुमचा सगळ्यात मोठा धोका नव्हे. आज संध्याकाळी एक करा, सगळे जिने चढून या. चपलांची कपाटं, जुन्या गाद्या, कुंड्या मोजा. आग लागली की धूर जिन्यात भरतो, आणि त्या अंधारात माणूस कुंडीला अडखळतो. अग्निशामक नळकांड्यांवरची तारीख वाचा आणि दाबाचा काटा हिरव्यात आहे का बघा. मी अध्यक्ष झालो तेव्हा ९ पैकी ५ निकामी होती. एकात कोणीतरी छत्र्या ठेवायचं (म्हणजे त्याच्या पेटीत). गच्चीचं दार कुलपात होतं आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस घर विकून गेलेला.

मागच्या गेटजवळ कचऱ्याचा कोपरा आहे का? असणारच. तो आधी साफ करा. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंडांवर प्रयोग झाला: काही साफ करून, हिरवळ आणि झाडं लावून बुटकं लाकडी कुंपण घातलं, काही तसेच ठेवले. गरीब वस्त्यांमध्ये साफ केलेल्या भूखंडांच्या आसपास गोळीबार २९ टक्क्यांनी कमी झाला. तिथे भिंत कोणी वाढवली नव्हती. आमच्या कोपऱ्यात आम्ही फक्त दोन बाकडी टाकली. आता तिथे पाच आजोबा रोज बसतात आणि कोण आलं, कोण गेलं हे कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा जास्त सांगतात. कधीकधी नको तितकं.

नवी_सेक्रेटरी:
जिने चढून आले. सहा कपाटं, अकरा कुंड्या, एक मोडका पाळणा. त्यातलं एक कपाट आमचंच निघालं, ते नवऱ्याने कुरकुरत आत घेतलं. कोपऱ्यात कचरा आहे, कोपऱ्यावरचा दिवाही बंद आहे आणि त्याची तक्रार वहीत तीनदा नोंदवलेली आहे. सायकली तिथूनच गेल्या होत्या.

रविवारी दिवे आणि कोपरा आधी मांडते, मग पार्किंगचे दोन कॅमेरे. गेटवर मतदान घ्यावंच लागेल. रात्री उशिरा येणाऱ्या सात जणी सभेला कधीच येत नाहीत, त्यांना आज एकेकीला फोन करतेय. काकूंकडे मात्र प्रत्यक्ष जाऊन येते.