मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात धरणाची वीज 'रिन्यूएबल' का नाही?

नमस्कार मंडळी, बे एरियातून लिहितोय. लाईटबिलासोबत वर्षातून एकदा तो पॉवर कंटेंट लेबलचा (वीज कुठून कुठून येते ते सांगणारा) कागद येतो ना, यावेळी पहिल्यांदाच नीट वाचला आणि डोकं गरगरलं. सोलर, विंड, जिओथर्मल हे एका गटात आणि मोठी धरणं नि न्यूक्लिअर वेगळंच दाखवलंय. मला वाटायचं पाण्याची वीज म्हणजे रिन्यूएबलच, लहानपणापासून कोयनेचं कौतुक ऐकत आलोय!

मग थोडं शोधलं. 2002 साली इथे कायदा झाला की वीज कंपन्यांनी ठराविक टक्के वीज रिन्यूएबल घ्यायचीच, मग टार्गेट वाढत वाढत 2018 च्या एसबी 100 या कायद्याने 2030 पर्यंत 60 टक्के केलं, आणि 2045 पर्यंत सगळी वीज रिन्यूएबल किंवा झीरो-कार्बन. आता या 60 टक्क्यांत साधारण 30 मेगावॅटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प धरतात म्हणे, पण 2045 च्या हिशोबात मोठी धरणं चालतात. असं का? नदी तीच, पाणी तेच. भारतात तर 2019 मध्ये मोठ्या धरणांनाही रिन्यूएबल म्हटलंय.

दुसरं म्हणजे माझ्या छपरावर पॅनल आहेत, ती वीज कंपनीच्या टक्केवारीत आपोआप धरतात का, की त्याचं आरईसी सर्टिफिकेट (वीज रिन्यूएबल असल्याचा दाखला) वेगळं काढावं लागतं? मुलीला शाळेत यावरच प्रोजेक्ट आहे आणि बाबाला सगळं माहिती असतं असा तिचा समज आहे 😅 वीज क्षेत्रात काम करणारं कुणी असेल तर सोप्या भाषेत सांगा प्लीज, शुक्रवारच्या आत.