मदत हवी आहे: पर्ड्यू फुटबॉल २०२५, सीझन सुरू व्हायच्या आधी: यंदा कितपत आशा ठेवावी?

वाबाशकाठचा:

मंडळी, इथे अमेरिकन कॉलेज फुटबॉल नेमानं बघणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो. (हेल्मेटवाला फुटबॉल. मेस्सीवाल्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.)

मी इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा माजी विद्यार्थी. बास्केटबॉलमध्ये आमचं छान चाललंय, २०२४ मध्ये थेट फायनलपर्यंत गेलो होतो. फुटबॉलचं मात्र विचारू नका. तरी तेच विचारायला आलोय.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी: २०२२ मध्ये आम्ही बिग टेनच्या, म्हणजे ज्या मोठ्या विद्यापीठांच्या गटात आम्ही खेळतो त्याच्या, पश्चिम विभागात पहिले आलो. लगेच कोच जेफ ब्रॉम लुईव्हिलला निघून गेले. रायन वॉल्टर्स आले. २०२३ मध्ये ४-८ (चार विजय, आठ पराभव), २०२४ मध्ये १-११. तो एकमेव विजय सीझनच्या पहिल्याच मॅचचा, इंडियाना स्टेटवर ४९-०. आम्ही सगळे हवेत. पुढच्याच मॅचला नॉत्र दामनं आमच्या घरात येऊन ६६-७ असं धुतलं. शेवटच्या मॅचला इंडियाना विद्यापीठाकडून, म्हणजे आमच्याच राज्यातल्या सख्ख्या भाऊबंदांकडून, ६६-०. दुसऱ्या दिवशी कोचना नारळ.

आता बॅरी ओडम आलेत. यूएनएलव्हीसारख्या (लास व्हेगासचं विद्यापीठ) वर्षानुवर्षं तळाला असलेल्या संघाला त्यांनी दोन सीझनमध्ये १९-८ वर नेलं, त्यामुळे माणूस बरा वाटतो. पण संघ ओळखूच येत नाही. जे तीन जण खरोखर चांगले होते ते गेले: थीनमन ओरेगनला, क्लेअर ओहायो स्टेटला, हेल्ट क्लेम्सनला. त्यांच्या जागी ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, डझनांनी मुलं आलीत. संघाची यादी वाचताना दर दुसऱ्या नावाला गूगल करावं लागतंय.

प्रश्न असा. ओळखीतले एक जण आपली सीझन तिकिटं यंदा मला देतो म्हणताहेत. घ्यावीत का? चार विजयांची आशा धरणं वेडेपणा आहे का? इंडियाना ३-९ वरून एका वर्षात ११-२ झाली, मग आमचं का होऊ नये, असं बायकोचा भाऊ रोज म्हणतो. त्याला काय उत्तर द्यावं तेही सांगा.

चौथा_डाउन:

मेव्हण्याला म्हणावं, आधी वेळापत्रक बघ.

गंमत म्हणजे मागच्या सीझनची राष्ट्रीय फायनल खेळलेले दोन्ही संघ, ओहायो स्टेट आणि नॉत्र दाम, यंदा तुमच्या वाट्याला आहेत. शिवाय मिशिगन आणि वॉशिंग्टन त्यांच्या घरी. यूएससी, १०-३ झालेली इलिनॉय आणि ११-२ झालेली इंडियाना तुमच्या घरी. बॉल स्टेट (३० ऑगस्ट) आणि सदर्न इलिनॉय (६ सप्टेंबर) या पहिल्या दोन मॅच जिंकायलाच हव्यात. त्यानंतर खरी संधी म्हणाल तर नॉर्थवेस्टर्न (१८ ऑक्टोबर, त्यांच्याकडे) आणि रटगर्स (२५ ऑक्टोबर, घरी). मिनेसोटा ओढूनताणून.

म्हणजे २ नक्की, ३ झाले तर ठीक, ४ झाले तर ओडमना खांद्यावर घ्या. बोलसाठी, म्हणजे सीझननंतरच्या खास मॅचसाठी, सहा विजय लागतात, तो विषयच काढू नका.

आणि २०२२ ची आठवण काढलीत म्हणून सांगतो, तो रस्ता आता बंद झालाय. तेव्हा विभाग होते, पश्चिमेत ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट नव्हते. २०२४ पासून विभाग गेले, पश्चिम किनाऱ्यावरचे चार संघ आले, एकूण १८ झाले. मधल्या फळीतल्या संघाला लपायला जागा उरली नाही.

इंडियानाची तुलना मला पटत नाही. त्यांचे कोच सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून आले ते आपली मुलं आणि आपले साहाय्यक घेऊन. पद्धत पाठ असलेला गाभा तयार होता, त्यात ओहायो विद्यापीठाचा अनुभवी क्वार्टरबॅक (पास टाकणारा, हल्ला चालवणारा) रूर्क मिळाला. तुमच्याकडे डिफेन्सचा समन्वयक शेरर ओडमबरोबर यूएनएलव्हीहून आलाय, ऑफेन्सचा हेन्सन यूएससीहून, आणि मुलं दहा दिशांनी. एकमेकांची नावं पाठ होईपर्यंत सप्टेंबर संपेल.

तुलना करायचीच तर कोलोराडोशी करा. २०२२ मध्ये १-११, मग नवे कोच डियॉन सँडर्सनी अख्खा संघ बदलला, २०२३ मध्ये ४-८, आणि २०२४ मध्ये ९-४. तो मधला ४-८ लोक विसरतात. सुरुवातीला तीन जिंकून देशभर गाजावाजा झाला होता, नंतर क्वार्टरबॅकला वाचवणारी लाइन, म्हणजे पुढची फळीच नाही हे सगळ्यांना दिसलं.

कोलंबसवाले_काका:

८ नोव्हेंबरला आम्ही ओहायो स्टेटवाले येतोच आहोत तुमच्याकडे. तिकिटं नको असतील तर कळवा, आमच्याकडे गिऱ्हाईक भरपूर.

वाबाशकाठचा:

काका, २०१८ चा ४९-२० विसरलात वाटतं. तेव्हा तुम्ही देशात दुसऱ्या नंबरवर होतात. आमचं नाव बॉयलरमेकर्स, पण मोठ्या संघांचा खेळ बिघडवतो म्हणून स्पॉयलरमेकर्स म्हणतात आम्हाला ते उगाच नाही.

कोलंबसवाले_काका:

विसरलो नाही. म्हणूनच तर येतोय.

रेषेवरची:

मी बाकीच्या चर्चेत पडत नाही, पण पहिल्या दोन मॅचमध्ये काय बघायचं ते सांगते. कारण तुम्हीच लिहिलंय की मागच्या वर्षी ४९-० नं तुम्ही फसलात. दुबळ्या संघाविरुद्ध स्कोअर काहीच सांगत नाही. स्कोअरबोर्ड झाकून बघा.

स्नॅप झाला, म्हणजे सेंटरनं चेंडू मागे दिला, की चेंडूमागे डोळे नेऊ नका. सेंटर आणि त्याच्या दोन्ही बाजूचे गार्ड, या तिघांकडे बघा. समोरच्याला ते एक पाऊल मागे ढकलताहेत, की आहेत तिथेच कुस्ती चाललीय? चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकला पहिला धक्का रेषेच्या (जिथून स्नॅप झाला तिच्या) अलीकडे बसतो की दोन यार्ड पलीकडे? बॉल स्टेटसमोर पहिला धक्का अलीकडे बसत असेल तर बिग टेनमध्ये काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. मॉकोबी मेहनती बॅक आहे, गेला नाही, थांबला, त्याचं कौतुकच. पण वाट त्याला दुसऱ्यांनी करून द्यायची असते.

मग तिसरा डाउन (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), दोन यार्ड हवेत, अशा वेळी कोच काय करतात ते बघा. सरळ मधून धावले तर त्यांचा लाइनवर विश्वास आहे. पास टाकायला गेले तर नाही. कोच पत्रकार परिषदेत काहीही बोलू देत, या एका डाउनला ते खरं सांगून जातात.

डिफेन्समध्ये मला एकच बघायचंय: पहिला टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं) चुकला तर दुसरा माणूस तिथे पोचतो का. मागच्या वर्षी तुमच्याकडे पहिला चुकला की पुढे मोकळं रान होतं. टॅकल सगळ्यांचेच चुकतात. पण तिथे बाकीचे चार-पाच जण चेंडूकडे धावताना दिसले तर मुलांचा कोचवर विश्वास बसलाय असं समजा. ते १३ सप्टेंबरच्या आतच कळेल, कारण त्या दिवशी यूएससी आहे आणि आठवड्यानं नॉत्र दाम.

वाबाशकाठचा:

रेषेवरची ताई, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावतो. क्वार्टरबॅकचं काय वाटतं? ब्राउन पोर्टलमधून नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि एका वसंत ऋतूत परतही आला. आर्कन्सॉहून सिंगलटन आलाय. कोचनी अजून नाव जाहीर केलेलं नाही.

रेषेवरची:

मी असते तर ब्राउन. मागच्या वर्षी इलिनॉयच्या मैदानावर मोठ्या पिछाडीवरून त्यानं मॅच ओव्हरटाइमपर्यंत नेली होती. ५०-४९ नं हरलात, शेवटी दोन गुणांचा प्रयत्न फसला म्हणून. त्या अख्ख्या सीझनमध्ये संघात जीव दिसला तो त्या दुपारी. पण जो कोणी असेल त्याला पळता यायला हवं, कारण यंदाही तो पळणारच आहे, जीव वाचवायला.

चौथा_डाउन:

याला जोडून एक. त्या ११ पराभवांपैकी तीन एका स्कोअरच्या (म्हणजे आठ गुणांच्या) आतले होते: इलिनॉय, नॉर्थवेस्टर्न, मिशिगन स्टेट. त्यातले पहिले दोन ओव्हरटाइममध्ये. बाकीचे आठ मात्र १७ किंवा त्याहून जास्त गुणांनी. यंदा ते आठाचे चार झाले तरी मी ओडमना पास करीन, विजय दोनच झाले तरी. ६६ चे ३५ होणं ही पण प्रगतीच, ऐकायला कितीही वाईट वाटलं तरी.

पैशाचंही लक्षात ठेवा. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, सगळे खेळ मिळून. ही मर्यादा ओहायो स्टेटला तीच आणि तुम्हालाही तीच. पण तुम्हाला त्यातून तो बास्केटबॉल संघही सांभाळायचाय, आणि तो देशातल्या सगळ्यात चांगल्या संघांपैकी. फुटबॉलला किती उरतं यावर पुढच्या वर्षी थीनमनसारखा मुलगा थांबतो की जातो ते ठरणार. मला विचाराल तर नोव्हेंबरच्या निकालांपेक्षा सीझन संपल्यावर कोण जातंय त्यावरून ओडमचं जास्त कळेल.

वाबाशकाठचा:

पटलं. सीझन तिकिटं नाही म्हणून कळवतो. बॉल स्टेट आणि रटगर्स अशा दोन मॅचची सुटी काढावी म्हणतो. मेव्हण्याचं कुटुंब येईल, मुलं सहा आणि नऊ वर्षांची. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही. रॉस-एड स्टेडियममध्ये लहान मुलांना घेऊन कोणी गेलंय का?

रेषेवरची:

बॉल स्टेटला नक्की न्या, ऑगस्टची मॅच, थंडी नाही, आणि जिंकायची शक्यता आहे. नाहीतर मुलं जन्मभर इंडियानाची होतील. इंडियानाची मॅच यंदा थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आहे, त्या गारठ्यात लहानांना नेऊ नका. बॅग पारदर्शकच लागते, साधी सॅक गेटवर परत पाठवतात. मॅचच्या आधी बँड आणि तो भलामोठा ड्रम दाखवा, तेवढ्यावर त्यांचे पैसे वसूल. फक्त बॉयलरमेकर स्पेशलच्या, म्हणजे संघाचं प्रतीक असलेल्या त्या रेल्वे इंजिनाच्या, जवळ उभे राहणार असाल तर सहा वर्षांच्याचे कान आधी झाका. भोंगा खऱ्या रेल्वेसारखा वाजतो आणि सांगून वाजत नाही.