मदत हवी आहे: बँकॉकला गच्चीवरचं जेवण

मंडळी, नोव्हेंबरात आमच्या लग्नाला 25 वर्षं होतायत. पोरांनी बँकॉकची तिकिटं काढून दिलीत. वाट अरुण मंदिरासमोर, चाओ फ्राया नदीकाठच्या गच्चीवर एक संध्याकाळ जेवायचंय. साठाव्या मजल्याच्याही वर हॉटेलं आहेत तिथं, पण आमची ही सोलापूरच्या गड्डा जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा डोळे मिटून बसते. ते बाद!

ती पक्की शाकाहारी. तिकडं भाजीतही माशाचा सॉस पडतो. 'जे' (थाई शब्द, तिथलं कडक शाकाहारी जेवण) म्हटलं की मांस-मासे-अंडी नाहीत, पण कांदा-लसूणही नसतो. कुणी खाल्लंय का? चव लागते का?

उंची हॉटेलात चप्पल, हाफपँट चालत नाही म्हणे. मग साडीवर कोल्हापुरी चालेल का? आणि पर्समधली शेंगाचटणी टेबलावर काढली तर उठवतील काय ओ?